ल्यूटवर पोट भरतं का?

*ताई, मी पुण्यात राहते, वय २४. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि नवव्या वर्षापासून क्लासिकल गिटार वाजवते. आठवी ग्रेड झाली आहे. दोन वर्षांपूर्वी चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लिश संगीतकार जॉन डाउलंडचं संगीत मूळ वाद्यावर, म्हणजे ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्यावर, ऐकलं आणि तेव्हापासून गिटारवर मन लागत नाही. नोकरी सोडून स्वित्झर्लंडमधल्या बाझलला ल्यूट शिकायला जावं असं वाटतं. बाबा म्हणतात, "ज्या वाद्याचं नाव आपल्या अख्ख्या सोसायटीत कुणाला ठाऊक नाही, त्यावर पोट कसं भरणार?" आई काहीच बोलत नाही, ते जास्त जड जातं. माझं वय निघून गेलंय का? वाद्य कुठून आणू? डाउलंडच्या फँटसिया, म्हणजे एकट्या ल्यूटसाठीच्या रचना, वाजवणारी एकल वादक व्हायचं असेल तर किती वर्षं लागतील? आणि विचारायला संकोच वाटतो, पण उजव्या हाताची नखं खरंच कापावी लागतील का? — म., पुणे*

प्रिय म.,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. हो, कापावी लागतील.

ल्यूटला तारा जोडीजोडीने असतात. सगळ्यात वरच्या सुराची तार बहुतेक वेळा एकटी, बाकी सगळ्या जोड्या. गिटारवाल्याचं नख अशा जोडीवर पडलं की आधी एक तार बोलते, मग दुसरी, आणि मध्ये बारीकसा 'टक्' येतो. बोटाच्या टोकाचं मांस मात्र दोन्ही तारांवर एकदम टेकतं आणि एकदम सोडतं, म्हणून सूर एकच येतो, पण भरलेला. करंगळी घोडीजवळ तबलीवर टेकलेली राहते आणि अंगठा बोटांच्या आतल्या बाजूने, तळव्याकडे जातो. गिटारवर पंधरा वर्षं हात बसलाय, तो हात इथे उलटा वाटतो. मी गिटारवरूनच आले. नेदरलँड्सच्या हेग शहरातल्या भाड्याच्या खोलीत खिडकीशी बसून एकेक नख कापलं तेव्हा रडले होते, आणि पुढचे तीन महिने माझ्या वाद्यातून सूर येतच नाही असं वाटायचं. चौथ्या महिन्यात एका सकाळी तो आला. त्या दिवसापासून नखांची आठवण झाली नाही.

याला अपवाद आहे तो थिऑर्बोचा. थिऑर्बो म्हणजे ल्यूटचं उंच, लांब मानेचं भावंड, खर्जाच्या मोकळ्या तारा असलेलं. ड्रेस्डेनचा थोर ल्यूटवादक सिल्वियस लिओपोल्ड वाइस याने १७२३ साली एका पत्रात लिहून ठेवलंय की थिऑर्बो साधारणपणे नखांनी वाजवतात आणि जवळून तो कर्कश वाटतो. आजही काही जण नखं ठेवून थिऑर्बो वाजवतात. पण तुझं मन डाउलंडवर आहे. त्याला मांसाचाच सूर हवा. आणि नखं चार महिन्यांत परत येतात, नोकरी येईलच असं नाही. म्हणून राजीनाम्याआधी नखं काप. या क्षेत्रातला पहिला खर्च तोच आहे आणि तो घरबसल्या करता येतो.

आता वाद्याबद्दल, कारण तू ते अजून हातात घेतलेलं नाहीस असं पत्रावरून दिसतं. पहिल्यांदा उचललंस की दचकशील. ल्यूट इतकी हलकी असते की रिकामी पेटी उचलल्यासारखं वाटतं. पाठीचा भोपळा पातळ पट्ट्या वाकवून, एकमेकींना चिकटवून केलेला. तबली स्प्रूसच्या लाकडाची, दीडेक मिलिमीटर जाडीची, आणि मधलं जाळीदार फूल वरून बसवलेलं नाही, त्याच फळीतून कोरलेलं. माझं आजोळ मिरजेचं. लहानपणी सतारमेकर गल्लीत दुकानांसमोर उभी राहून मी तासन् तास बघायचे. हेगमध्ये पहिल्यांदा ल्यूटच्या दांडीवर पडदा बांधताना मला ती गल्ली आठवली. सतारीचे पडदे धातूचे आणि दोऱ्याने बांधलेले, इथे तातच, म्हणजे आतड्याची तारच, पडदा होते. दांडीभोवती तातेचे वेढे घ्यायचे, गाठ मारायची, टोकं तापल्या सळईने डागायची म्हणजे ती फुगतात आणि गाठ सुटत नाही. बांधायचं दांडी बारीक असते तिथे, खुंट्यांकडे. मग पडदा जाड बाजूला सरकवत आणायचा म्हणजे आपोआप घट्ट बसतो. सतारिया थाट बदलताना पडदे सरकवतो ना, तसेच आम्हीही सरकवतो. त्या दिवशीच्या ऑर्गनचे सूर ज्या पद्धतीने लावलेले असतील, त्यांच्याशी जुळण्यासाठी. गिटारच्या ठोकून बसवलेल्या पडद्यांना हे कळतच नाही.

आणि सूर लावणं. अठराव्या शतकात योहान मॅथेसन या जर्मन संगीतलेखकाने लिहिलं की ल्यूटवादक ऐंशी वर्षं जगला तर त्यातली साठ सूर लावण्यात जातात. ल्यूटवाल्यांना त्याचा फार राग आला, एकाने तर पुस्तक लिहून उत्तर दिलं. पण ज्यांनी तेरा जोड्यांची बरोक ल्यूट थंडीच्या चर्चमध्ये नेली आहे, त्यांना मॅथेसन काय म्हणत होता ते ठाऊक आहे. तुला या कामाचा कंटाळा येणार असेल तर पुढचं काही वाचू नकोस. मला त्यात शांत वाटतं. तानपुरा लावताना वाटतं तसंच.

बाबांचा प्रश्न रास्त आहे, आणि तो चारशे वर्षं जुना आहे. डाउलंडलाच विचार. १५९४ साली इंग्लंडच्या राणीच्या दरबारात ल्यूटवादकाची जागा रिकामी झाली, त्याने अर्ज केला, मिळाली नाही. तो जर्मनीत गेला, इटलीत गेला, १५९८ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे लागला. तिथे वर्षाला ५०० डालर (तिथलं तेव्हाचं नाणं) पगार, दरबारातल्या सगळ्यात वरच्या पगारांपैकी एक. १६०६ मध्ये ती नोकरी गेली. इंग्लंडच्या दरबारात जागा मिळाली ती १६१२ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. ज्याच्या सुरांनी तुझी झोप उडवली, त्या माणसाला आपल्या देशात नोकरीसाठी अठरा वर्षं वाट पाहावी लागली. तो ज्या तऱ्हेच्या नोकरीची वाट पाहत होता, ती आज जगात उरलेलीच नाही. वाइस १७५० साली गेला आणि त्यानंतर पन्नासेक वर्षांत ल्यूट जवळजवळ मुकी झाली. सिम्फनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाल्याला कायमची खुर्ची असते, पेन्शन असते. ल्यूटची खुर्ची तिथे नसते. आम्ही सगळे सुट्या कामांवर जगतो.

मग कामं कुठली? हे बाबांना नीट सांग. वर्षाच्या कमाईचा मोठा भाग ईस्टरच्या आधीचे काही आठवडे भरून काढतात. त्या दिवसांत नेदरलँड्स आणि जर्मनीत गावोगावी बाखचे पॅशन, म्हणजे येशूच्या अखेरच्या दिवसांची कथा गाऊन सांगणाऱ्या रचना, होतात. नार्डनला गुड फ्रायडेचा मॅथ्यू पॅशन १९२२ पासून चालत आलाय, आपल्याकडच्या वारीसारखी लोक त्याची वाट पाहतात. मग डिसेंबरात हँडेलचा मसाया. अधेमधे माँटेव्हर्दी, काव्हाली, हँडेल यांचे ऑपेरे, त्यांच्या तालमी सहा-सहा आठवडे चालतात. ऑगस्टच्या अखेरीस उत्रेख्तचा जुन्या संगीताचा महोत्सव. राहिलेल्या वेळात शिकवण्या. आणि जानेवारी आणि जुलै, जेव्हा फोन वाजत नाही. त्या दोन महिन्यांचे पैसे एप्रिलमध्ये बाजूला काढायचे असतात. मला हे शिकायला सहा वर्षं लागली.

या सगळ्या यादीत एकल मैफल कुठे आहे, शोध. मला वर्षाला तीन मिळाल्या तर ते वर्ष चांगलं गेलं म्हणते. बाकी सगळी साथ.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं ते यासाठी. इतकं मनापासून लिहिलंस, पण त्यात एकही दुसरा माणूस नाही. गायक नाही, व्हायोलिन नाही, कुणाबरोबर वाजवलंस याचा उल्लेख नाही. क्लासिकल गिटार असंच शिकवतात: एक खुर्ची, एक पायाखालचं स्टूल, एक विद्यार्थी, परीक्षक. तो तुझा दोष नाही. पण ल्यूट आणि थिऑर्बो यांचा पोटापाण्याचा धंदा म्हणजे साथसंगत. समोर फक्त खालच्या सुरांची ओळ असते, तिच्यावर काही आकडे, बरेचदा तेही नाहीत. त्यावरून वरचे स्वर आपण तिथल्या तिथे उभे करायचे. किती तारा छेडायच्या, केव्हा गप्प बसायचं, गायकाने शब्दावर श्वास ताणला तर खर्जाची तार किती वेळ घुमू द्यायची, हे कागदावर नसतं. आपल्याकडे उत्तम संवादिनीवाला गायकाच्या पुढेही जात नाही आणि मागेही रेंगाळत नाही. गोविंदराव पटवर्धनांची साथ आठव, नसेल ऐकली तर ऐक. तेच हे काम आहे, फक्त सूर वेगळे.

बाखच्या जॉन पॅशनमध्ये एक जागा आहे. बास, म्हणजे खर्जाच्या आवाजाचा, गायक आत्म्याला म्हणतो, बघ, विचार कर. १७२४ साली बाखने तिथे खास ल्यूट घातली. दोन तास ऑर्केस्ट्रा आणि कोरस आणि त्यात ही दोनेक मिनिटं. मी पहिल्यांदा वाजवलं तेव्हा आपण ऐकू जाऊ की नाही या भीतीने जोर लावला. गायक माझ्या बाबांच्या वयाचा होता. तालमीनंतर जवळ येऊन म्हणाला, "तू हळू वाजवलंस तर मी हळू गाईन, मग ते सगळे पुढे वाकतील." संध्याकाळी हळू वाजवलं. चर्चमध्ये हजारभर माणसं होती आणि लाकडी बाकांचा करकर आवाज आला, लोक खरोखर पुढे वाकले होते. मला आजवर मिळालेल्या कुठल्याही टाळीपेक्षा तो आवाज मोठा आहे.

असं काही ऐकून तुझं काळीज हलत असेल तर हे क्षेत्र तुझं आहे. "मधली दोन मिनिटंच का?" असा प्रश्न पडत असेल तर तोही प्रामाणिक प्रश्न आहे, पण मग नोकरी ठेव आणि ल्यूट आयुष्यभर घरी वाजव. मी हे दुय्यम म्हणून सांगत नाही. ही छापील पुस्तकं मुळात घरी वाजवणाऱ्यांसाठीच निघत. व्हेनिसमध्ये पेत्रुच्चीने १५०७ साली ल्यूटचं पहिलं पुस्तक छापलं ते ज्यांच्याकडे वाद्य होतं आणि संध्याकाळ मोकळी होती त्यांच्यासाठी.

एकल वादक व्हायला किती वर्षं, हे विचारलंस. वर्षांचं उत्तर नाही देता येत. पण आज ज्यांची नावं तू जाणतेस ती बघ. हॉपकिन्सन स्मिथ १९७४ मध्ये 'एस्पेरियन ट्वेंटी' या जुन्या संगीताच्या समूहाच्या स्थापनेत होता, म्हणजे समूहातून आला. पॉल ओडेट जगभर एकल वाजवतो आणि बॉस्टनच्या महोत्सवात अख्खे ऑपेरेही उभे करतो. एकट्याने बसून कुणीच वर आलेलं नाही.

वय निघून गेलेलं नाही. इथे गिटार सोडून आलेली चोविशी-पंचविशीतली मुलं नेहमीच दिसतात. आणखी एक सांगते, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. या वाद्याची परंपरा मध्ये शंभरेक वर्षं तुटली होती. आपल्या घराण्यांसारखी गुरूकडून शिष्याकडे आलेली विद्या इथे नाही. अर्नोल्ड डोल्मेचने १८९३ मध्ये ल्यूट पुन्हा बांधली, १९३३ मध्ये बाझलला स्कोला कांतोरुम ही जुन्या संगीताची शाळा निघाली, १९५० च्या दशकात गिटारवादक ज्युलियन ब्रीमने मैफलींतून ती लोकांना ऐकवली, १९५६ मध्ये इंग्लंडात ल्यूट सोसायटी उभी राहिली. सगळ्यांनी जुने कागद वाचूनच शिकून घेतलंय. त्यामुळे "आपण पुण्याच्या, आपल्या रक्तात हे नाही" असं वाटून घेऊ नकोस. ते कुणाच्याच रक्तात नव्हतं.

बाझल उत्तमच आहे. पण हेग आणि ब्रेमेनही बघ, आणि शाळेपेक्षा शिक्षक बघ. त्यांना आधी लिही, एक ऑनलाइन धडा माग, जमलं तर उन्हाळी शिबिरात भेट. राहण्याच्या परवानगीचं गणित शिक्षणाइतकंच महत्त्वाचं. पदवीनंतर काम शोधायला नेदरलँड्स एक वर्ष देतं, जर्मनी अठरा महिने, स्वित्झर्लंड सहा. आम्हाला एक मालक नसतो, दहा ठिकाणची दहा छोटी कामं असतात, आणि परवान्याच्या कचेरीत ते समजावून सांगणं जड जातं. स्वतंत्र कलाकाराला जर्मनीत त्यातल्या त्यात वाट आहे. नियम बदलतात, अर्ज करायच्या वर्षी ताजे पाहून घे.

वाद्य: आत्ता विकत घेऊ नकोस. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या ल्यूट बहुतेक जड असतात, जाड तबलीच्या, आणि त्यांच्यावर शिकलेला हात पुन्हा सोडवावा लागतो. चांगली ल्यूट कारागिराकडे सांगून करून घ्यायची, काही हजार युरो लागतात आणि बरेचदा वर्षभर थांबावं लागतं. बहुतेक शाळांकडे विद्यार्थ्यांना द्यायला वाद्यं असतात, ल्यूट सोसायट्याही सभासदांना भाड्याने देतात. पहिली घेशील ती सात किंवा आठ जोड्यांची रेनेसाँ ल्यूट. पोटासाठी पुढे थिऑर्बो लागेलच, आणि तो माणसाहून उंच असतो. माझ्या एका थिऑर्बोची मान विमानाच्या पोटात मोडली, पेटीवर तीन भाषांत "नाजूक" लिहिलं असून. तेव्हापासून जमेल तिथे रेल्वेने जाते. सुटीत पुण्याला येशील तेव्हा पावसाळ्यात ल्यूट आणू नकोस. त्या दमटपणात दीड मिलिमीटरची तबली फुगते, तारांची उंची बदलते.

आत्ता जे करायचं ते गिटारवर होतं. तिसरी तार अर्धा स्वर उतरव, तिसऱ्या पडद्यावर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लाव, झाली रेनेसाँ ल्यूटची जुळणी. टॅब्लेचर, म्हणजे कुठली तार कुठल्या पडद्यावर दाबायची ते दाखवणारी लिपी, शिक, एका आठवड्याचं काम आहे: सहा रेघा, अक्षरांत 'ए' म्हणजे मोकळी तार, 'बी' म्हणजे पहिला पडदा. मग डाउलंडचं १५९७ चं गाण्यांचं पहिलं पुस्तक उघड. मुद्दाम गाण्यांचं, फँटसियांचं नाही. ते पुस्तक कसं छापलंय बघ. एकाच पानावर आवाजांच्या ओळी वेगवेगळ्या दिशांना तोंड करून आहेत, म्हणजे एकच पुस्तक टेबलावर ठेवून चौघांनी चार बाजूंना बसायचं. सुराच्या ओळीखालीच ल्यूटचं टॅब्लेचर. पुण्यात पाश्चात्त्य गायन शिकणारी मुलं-मुली भरपूर आहेत, चर्चचे कॉयर आहेत. एक गायिका शोध, जी शब्द नीट म्हणते. आठवड्यातून एक संध्याकाळ तिच्याबरोबर बस. पुढच्या गणपतीपर्यंत तीन गाणी करा. नोकरी तोवर चालू ठेव आणि दर महिन्याला परदेशातल्या शिक्षणासाठी वेगळ्या खात्यात पैसे टाक. बाबांना ते खातं दिसलं की बोलणं सोपं होईल.

आणि आईला एकदा तालमीला बोलाव. सादरीकरणाला नको, तालमीलाच. तू कुणाच्या तरी श्वासाकडे कान देऊन थांबलेली तिला दिसू दे. माझी आई माझ्या पहिल्या मैफलीला आली तेव्हा काही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी तालमीत कोपऱ्यात तासभर बसली, आणि घरी येताना ट्राममध्ये विचारलं, "ती बाई गाताना चुकली तेव्हा तू सावरून घेतलंस ना?"

गणपतीनंतर त्या तीन गाण्यांतलं एक फोनवर रेकॉर्ड करून मला पाठव. चुका काढून टाकू नकोस. गायिकेचा आवाज पुढे असू दे, तुझा मागे. आणि खाली लिही, नखं कापून वाजवलंय की न कापता.

तुझी,
ताई